निम्म्या निकालाची पाटी

मित्रांनो, तुम्ही शाळेत जिच्यावर अक्षरे गिरवलीत ती दगडी पाटी मी नव्हे. दुकानाच्या किंवा दवाखान्याच्या दारावर लावतात, ती पत्र्याची पाटी मी. चार फूट रुंद आणि अडीच फूट उंच. आता माझ्या खालच्या कडेला गंज चढला आहे, एक कोपरा मुडपला आहे आणि कोंबड्यांच्या नखांनी पाठीवर ओरखडे पडले आहेत. तरी माझ्यावरची अक्षरे अजून वाचता येतात. ही अक्षरे तीन महिने खोटी होती. त्या तीन महिन्यांत एका घरात काय घडले आणि पुढे काय झाले, ते आज तुम्हाला सांगते.

माझा पत्रा पिरंगुटच्या एका कारखान्याच्या भंगारातला. १९९८ साली इलाही मुलाणी नावाच्या पेंटरने तो सायकलच्या कॅरिअरवर बांधून पौडला आणला. पौडच्या एस.टी. स्टँडसमोर, सारजाबाईंच्या चहाच्या टपरीला लागून त्यांचे दुकान होते. त्यांनी मला ठोकून सरळ केले, मागे लाकडी चौकट बसवली, गंज धरू नये म्हणून लाल ऑक्साइडचा हात मारला आणि वर हिरवा रंग दिला. कोळवणला जमीन घेतलेल्या पुण्याच्या एका गृहस्थांना आपल्या फार्महाऊससाठी पाटी हवी होती. मी तयार झाले, पण ते गृहस्थ काही मला न्यायला आले नाहीत. इलाहीभाईंनी महिनाभर वाट पाहिली आणि मला दुकानाच्या आतल्या भिंतीला टेकवून ठेवले. पुढची पाच वर्षे मी तिथेच होते.

त्याच वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी नाजनीन बारावी झाली आणि तिने सीए व्हायचे ठरवले. सीए म्हणजे काय, हे घरात कोणालाच नीट ठाऊक नव्हते. त्यांचे घर एका खोलीचे होते. म्हणून ती दुकानाच्या मागच्या भागात, रंगाच्या डब्यांमध्ये पोते अंथरून अभ्यास करी. ती मोठ्याने वाचायची. बाहेर अक्षरे काढता काढता इलाहीभाई ऐकायचे. एकदा तिने घसारा हा शब्द समजावून सांगितला. वस्तू वापरून झिजते, तशी तिची किंमत दरवर्षी कमी करत जायची. इलाहीभाई हातातला ब्रश निरखत म्हणाले, "मंग हेचाबी घसारा झाला की गं. केसं बघ किती ऱ्हायलीत." बाप-लेक दोघे हसले. मित्रांनो, त्या दुकानात मी ऐकलेले ते सर्वांत मोकळे हसू होते.

पहिल्या दोन परीक्षा तिने पार केल्या. मग तीन वर्षांची आर्टिकलशिप सुरू झाली. म्हणजे मोठ्या सीएच्या हाताखाली राहून काम शिकायचे. कोथरूडला मेधा मॅडमचे कार्यालय होते. नाजनीन पौडहून सकाळच्या एस.टी.ने जायची आणि संध्याकाळी यायची. आल्यावर ती दिवसभराचे सगळे वडिलांना सांगायची. आज फायलींना दोरे बांधले. आज तपासलेल्या आकड्यांपुढे हिरव्या शाईने नुसत्या बरोबरच्या खुणा, म्हणजे टिका केल्या. आज कोळवणच्या भातगिरणीत पोत्यांची थप्पी मोजायला गेले, तर मालक म्हणाले, ताई, कशाला धुळीत चढता, मी सांगतो तो आकडा लिहा.

"मंग?" इलाहीभाईंनी विचारले.

"मी चढले. दोनदा मोजली. मॅडमनी सांगितलंय, जे आपल्या डोळ्यांनी बघितलं न्हाई, त्याच्याखाली आपलं नाव लिहायचं न्हाई."

इलाहीभाईंनी मान डोलावली. "खरं हाय बाई त्यांचं," ते म्हणाले.

२००३ च्या मे महिन्यात ती शेवटच्या परीक्षेला बसली. ही परीक्षा दोन भागांत असते. त्यांना ग्रुप म्हणतात. दोन्ही ग्रुप निघाले, म्हणजे दोन्हींत पास झाला, तरच माणूस सीए होतो. तिने दोन्ही ग्रुप एकदम दिले. त्यानंतर ती पुण्याला गेली की इलाहीभाई मला पुढे ओढून कामाला लागायचे. त्यांनी माझा हिरवा रंग खरवडला. दोन हात पांढरा दिला. खडूची दोरी ओढून रेषा आखल्या. त्यांनी आयुष्यात शेकडो पाट्या रंगवल्या होत्या, पण माझ्या प्रत्येक अक्षराला त्यांनी एक एक दिवस घेतला. निळी अक्षरे, त्यांना सोनेरी सावली, चारही कोपऱ्यांत वेलबुट्टी. कु. नाजनीन इलाही मुलाणी. चार्टर्ड अकाउंटंट. पौड, ता. मुळशी. रंग वाळल्यावर त्यांनी माझे तोंड भिंतीकडे केले आणि वर जुने गोणपाट टाकले. मला इतका अभिमान वाटत होता, की त्या गोणपाटाखाली मला गुदमरायला झाले.

जुलैत निकाल लागला. नाजनीन तो बघायला पुण्याला गेली होती. दुपारी सारजाबाईंच्या टपरीवरचा फोन वाजला आणि त्यांनी इलाहीभाईंना हाक मारली. तेवढ्यात स्टँडवर दोन गाड्या एकदम आल्या. हॉर्न, कंडक्टरच्या घंट्या, प्रवाशांचा गलका. मला दुकानातून इलाहीभाईंचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

"काय म्हनलीस? मोठ्यानं बोल! निघाला? निघाला म्हंती! निघाला!"

फोनवर खरे काय बोलणे झाले, ते मला बऱ्याच दिवसांनी कळले. नाजनीन म्हणाली होती, "अब्बा, पहिला ग्रुप निघाला. दुसरा राहिला." इलाहीभाईंना 'निघाला' एवढेच ऐकू आले. फोन ठेवून ते धावत दुकानात आले, गोणपाट फेकले आणि अर्ध्या तासात मी दुकानाच्या कपाळावर चढले. नाजनीन संध्याकाळच्या गाडीने उतरली, तेव्हा माझ्याखाली वीस-पंचवीस माणसे उभी होती. इलाहीभाई पेढे वाटत होते. सारजाबाईंनी तिच्या गालांवरून हात फिरवून बोटे मोडली. "आली गं माझी सीएबाई!" त्या म्हणाल्या.

नाजनीनने वर पाहिले. मित्रांनो, तेव्हा मी तिच्या अगदी समोर होते. आनंदाने पाहणारे डोळे कसे असतात, ते मला ठाऊक होते. ते डोळे तसे नव्हते. तिचे ओठ हलले. ती काहीतरी बोलणार होती. एवढ्यात इलाहीभाईंनी तिच्या तोंडात पेढा घातला.

ती बोललीच नाही. त्या दिवशी नाही आणि दुसऱ्या दिवशीही नाही.

नोव्हेंबरमध्ये पुन्हा परीक्षा होती. तेव्हा दुसरा ग्रुप निघाला की सगळे खरेच होईल, असा तिने हिशेब केला असावा. पण तिने दुकानात येऊन अभ्यास करणे सोडले. स्टँडवरून घरी जायला दुकानासमोरचा रस्ता जवळचा होता. तरी ती तहसील कचेरीच्या मागून वळसा घालून जाऊ लागली. बाजारात कोणी सीएबाई म्हणून हाक मारली, की तिची मान खाली जायची. लोकांना वाटे, पोरगी किती साधी आहे. मला मात्र तिचे त्या दिवशीचे डोळे आठवून माझीच अक्षरे टोचू लागली होती. उन्हात ती चमकायची आणि येणारा-जाणारा थांबून वाचायचा. मी त्या प्रत्येकाला खोटे सांगत होते.

ऑक्टोबरात जवळच्या चांदे गावचे दादासाहेब आले. हिंजवडीच्या बाजूला जमिनींचे व्यवहार करणारे वजनदार गृहस्थ. त्यांच्या मुलाला परदेशी शिकायला जायचे होते आणि त्यासाठी मालमत्तेच्या दाखल्यावर सीएची सही हवी होती. पाटी वाचून ते गाडीतून उतरले. इलाहीभाईंनी नाजनीनला घरून बोलावून आणले. तिने कागद हातात घेतले आणि तसेच परत केले.

"मला सही देता येणार नाही," ती म्हणाली.

"का बरं? पाटी तर तुमचीच हाय नव्हं?"

"माझीच आहे. पण मला नाही देता येणार."

"मंग ही पाटी काय शोभंला लावली काय?" दादासाहेब चिडून म्हणाले. ती कोणाकडे काम शिकली, ते त्यांनी टपरीवर विचारून घेतले आणि गाडी थेट कोथरूडला नेली. तुमच्या हाताखालची पौडची सीएबाई सही देत नाही, अशी तक्रार त्यांनी मेधा मॅडमकडे केली.

दुसऱ्याच दिवशी आठवडे बाजार होता. भर दुपारी मेधा मॅडम आल्या. त्या उंच होत्या, केस पिकलेले होते. गाडीतून उतरून त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांनी मला पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचले. नाजनीनला बोलावणे गेले. ती आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ही कोणी लावली?" मॅडमनी विचारले.

"अब्बांनी."

"तुला माहीत होतं?"

"हो, मॅडम."

"कधीपासून?"

"जुलैपासून."

मॅडमनी पुन्हा एकदा वर माझ्याकडे पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नाजनीन, सीएंच्या संस्थेचं सदस्य झाल्याशिवाय नावाखाली हे शब्द लावणं गुन्हा आहे. संस्थेकडे एक पत्र गेलं, तर परीक्षा तर राहीलच, शिवाय पुढची वर्षंही जातील. तुला हे मीच शिकवलंय. तीन वर्षं मी तुझ्या टिकांवर डोळे मिटून सही केली. आता मला तेही सगळं पुन्हा तपासावंसं वाटतंय."

नाजनीन रडली नाही. नुसती उभी राहिली. त्या शेवटच्या वाक्याने तिला जे झाले, ते मला वरून दिसत होते.

"आज संध्याकाळपर्यंत ही उतरली नाही, तर ते पत्र मलाच लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या.

इलाहीभाई दारातच होते. त्यांनी एक प्रश्नही विचारला नाही. आतून स्टूल आणले, पाना घेतला आणि बाजाराच्या गर्दीत माझे बोल्ट सोडवू लागले. माणसे थांबली. कोणीतरी विचारले, "काय इलाहीभाई, दुसरा रंग देताय व्हय?"

ते स्टुलावरून वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "न्हाई. पोरगी अजून पास झाली न्हाई. निम्मीच झालीया. तिनं मला फोनवर बरोबर सांगितलं हुतं, म्याच नीट ऐकलं न्हाई. घाई माझी हाय. तिला कोन काय म्हनायचं न्हाई."

मला काखोटीला मारून ते खाली उतरले. मेधा मॅडमनी एकदा त्यांच्याकडे पाहिले आणि त्या गाडीत बसल्या.

इलाहीभाईंनी सांगितले तरी लोक बोलायचे ते बोललेच. कोणी म्हणाले, बापाला वेड लागले होते. कोणी म्हणाले, पोरीनेच फसवले. तळेगावहून नाजनीनला एक स्थळ आले होते, बोलणी होत आली होती. त्या लोकांनी निरोप पाठवला की, ज्या घरात खोटी पाटी लागते त्या घरची मुलगी नको. तिची आई सुलताना मुळातच कमी बोलायची. तिने मला उचलले, घरामागे नेले आणि जळणाच्या लाकडांवर पालथे घातले. पुढची सात वर्षे मी तिथे होते. माझ्या पाठीवर कोंबड्या बसायच्या आणि माझे तोंड लाकडांकडे असायचे. घरातले बोलणे मात्र भिंतीपलीकडून ऐकू यायचे.

त्यानंतर तीनच आठवड्यांत नाजनीन दुसऱ्या ग्रुपला बसली आणि नापास झाली. मे महिन्यात पुन्हा बसली. एका विषयात दोन गुण कमी पडले. त्यानंतरच्या खेपेला सगळे विषय सुटले, पण एकूण बेरीज पुरली नाही. तोवर तिने हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी धरली होती. तिकडे बाजारात छापील फ्लेक्स आले होते. हाताने रंगवलेली पाटी कोणाला नको होती, आणि ज्यांना हवी होती ते इलाहीभाईंकडे येईनासे झाले होते. दुकान बंद झाले. इलाहीभाई जीपने हिंजवडीला जाऊ लागले. तिथल्या उंच इमारतींच्या तळघरांत खांबांवर गाड्यांचे नंबर रंगवायचे काम त्यांना मिळाले.

२००५ च्या सुरुवातीला एका सकाळी नाजनीन म्हणाली, "अब्बा, मी आता फॉर्म भरणार न्हाई. बास झालं."

त्या मेमध्ये ती बसलीच नाही. पण पुढे एकदा संध्याकाळी कामावरून येऊन हातांचा रंग रॉकेलने काढता काढता इलाहीभाई म्हणाले, "आज सत्तेचाळीस नंबरचा खांब चुकला माझा. चवेचाळीस लिवलं. मुकादम म्हनला, ऱ्हाऊ द्या, कोन बघतंय. मी न्हाई ऐकलं. खरवडला आन पुन्यांदा काढला." मग ते म्हणाले, "तुला फॉर्म भर म्हनत न्हाई मी. आपलं सांगितलं."

तिने नोव्हेंबरसाठी फॉर्म भरला. कंपनीतून रजा मिळाली नाही, म्हणून नोकरी सोडली. परीक्षेपर्यंत मी तिला मोठ्याने वाचताना एकदाही ऐकले नाही.

२००६ च्या जानेवारीत निकाल लागला. तो तिने घरात आधी सांगितला नाही. छापील कागद घेऊन ती चांद्यावरून हिंजवडीला गेली आणि तळघरात उतरली. तिथे काय झाले ते तिने रात्रीच्या जेवणाआधी आईला सांगितले, तेव्हा मला कळले. इलाहीभाई एका खांबाशी गुडघ्यावर बसले होते. ती म्हणाली, "अब्बा, दुसरा ग्रुप निघाला."

ते उठले नाहीत. म्हणाले, "कागद दाव."

त्यांनी हात पुसले. एकेका विषयावर बोट ठेवून गुण वाचले, बेरीज वाचली आणि खालची ओळ तिच्याकडून दोनदा वाचून घेतली. मग कागद नीट घडी घालून तिच्या हातात दिला. "आता पेढं नकोत," ते म्हणाले. तिथून नाजनीन कोथरूडला जाऊन मेधा मॅडमनाही भेटली. मॅडमनी तिला बसवून घेतले, चहा दिला आणि म्हणाल्या, "तुझ्या सगळ्या टिका मी पुन्हा तपासल्या होत्या. एकही चूक नव्हती. तुला हे सांगायला मी उशीर केला." एवढे आईला सांगून नाजनीन पहिल्यांदा रडली. खूप वेळ रडली.

दोन वर्षांनी तिने पौडमध्ये स्वतःचे कार्यालय काढले. आता मला बाहेर काढतील, असे मला वाटले. पण त्यांच्या संस्थेच्या नियमाने पाटी साधी लागते, डोळ्यांत भरणारी झगमगीत चालत नाही. सोनेरी सावली आणि वेलबुट्टी असलेली मी तिथे शोभणार नव्हते. तिने हातभर रुंदीची काळी पाटी करून घेतली. इलाहीभाईंनी ती हाताने चाचपून पाहिली. "बरी हाय," म्हणाले. साखरेच्या आजाराने त्यांची नजर तेव्हा जायला लागली होती.

यंदा, २०१० साली, घरामागे न्हाणीघर बांधायचे म्हणून सुलतानाने जळण हलवले आणि मी सात वर्षांनी उजेडात आले. नाजनीनने मला धुतले आणि भिंतीला टेकवले. सकाळचे ऊन होते. इलाहीभाई खाटेवरून उठून माझ्याजवळ येऊन बसले. त्यांना आता अक्षरे दिसत नाहीत. पण जुन्या रंगाचा थर जाड असतो. ते बोटांनी मला चाचपू लागले.

"नाजू, एक इचारू?" ते म्हणाले.

"इचारा की."

"त्या दिशी तू बोलली का न्हाईस?"

तिने माझ्या कडेचे पाणी हाताने निपटले. मग म्हणाली, "तुमी इतकं खूश हुता, अब्बा. उद्या सांगू, परवा सांगू म्हनलं. मग सांगायचं तोंडच ऱ्हायलं न्हाई."

इलाहीभाईंची बोटे थांबली. "मला तिसऱ्या दिशीच कळलं हुतं," ते म्हणाले. "शाळेतलं अण्णासाहेब मास्तर घरी आलं हुतं. म्हनलं, इलाही, ह्या परीक्षेचं दोन ग्रुप असत्यात, नीट इचार पोरीला."

"मग का न्हाई इचारलं?"

"म्हनलं, तू आपनहून सांगशील. मी पाटी काढली आसती, तर तुला वाटलं आसतं, बापाला तुजी लाज वाटली."

नाजनीन त्यांच्याकडे बघत राहिली. मलाही धक्का बसला होता. तीन महिने मी त्यांच्या दारावर होते, आणि ते रोज सकाळी ओल्या फडक्याने मला पुसायचे. तेव्हा त्यांना सगळे ठाऊक होते.

सुलताना लाकडांचा भारा घेऊन उभी होती. तो खाली न ठेवताच ती म्हणाली, "मला त्याच सांजंला कळलं हुतं. जेवनाचं ताट तसंच ठिवून उठली हुती ही."

सुलतानाने भारा खाली टाकला आणि ती दोघांच्या शेजारी, मातीतच बसली.

मित्रांनो, एका खोलीच्या घरात तीन माणसे राहत होती. तिघांनाही खरे काय ते माहीत होते, आणि एकमेकांना जपायला म्हणून तिघेही गप्प राहिले. त्या गप्प राहण्याने एक दुकान गेले, एक सोयरीक मोडली आणि एका कष्टाळू मुलीची दोन वर्षे मानहानीत गेली. मी पत्र्याची. माझ्यावर जे लिहाल ते मला मिरवावे लागते, मला नाही म्हणता येत नाही. तुम्हाला येते. घरातले कोणी निकाल सांगत असेल, तर त्याचे वाक्य पुरे होऊ द्या. आणि तुमचा निकाल निम्मा लागला असेल, तर निम्माच सांगा, पण त्याच दिवशी सांगा. समोरचा माणूस पेढा घेऊन उभा असला, तरी सांगा.